पिनोकिओ: मूळ गोष्ट आणि तिची बदलत गेलेली रूपं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लाकडाचा बाहुला, खोटं बोललं की वाढणारं नाक, देवमाशाचं पोट आणि शेवटी खराखुरा मुलगा. पिनोकिओ म्हटलं की बहुतेकांना एवढं आठवतं आणि त्यातलं बरंचसं चित्रपटांतून आलेलं असतं. मूळ इटालियन पुस्तक याहून खडबडीत आहे, जास्त हसवणारं आहे आणि काही ठिकाणी अंगावर काटा आणणारं आहे. मुलांना गोष्ट वाचून दाखवणारे पालक, शिक्षक आणि बालनाट्य बसवणारी मंडळी जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथं दिली आहेत. चित्रपटांचे शेवटही सांगितले आहेत, तेव्हा ज्यांना ते आधी कळायला नको आहेत त्यांनी तेवढे प्रश्न ओलांडून पुढं जावं.

ही गोष्ट कुणी लिहिली?

कार्लो लोरेन्झिनी यांनी. जन्म १८२६ चा, फ्लॉरेन्सचा. वडील एका सरदार घराण्यात स्वयंपाकी होते. आईचं माहेर तस्कनी प्रांतातलं कोल्लोदी हे डोंगरउतारावरचं गाव, आणि त्याच गावाचं नाव त्यांनी लेखनासाठी घेतलं. म्हणून जगभर ते कार्लो कोल्लोदी या नावानं ओळखले जातात.

मुलांसाठी लिहिणं हा त्यांचा मूळ व्यवसाय नव्हता. ते पत्रकार होते, राजकीय टीकाटिप्पणी करणारे. इटलीच्या स्वातंत्र्यासाठी १८४८ आणि १८५९ अशा दोन लढायांत ते स्वयंसेवक म्हणून गेले होते. पन्नाशीच्या आसपास त्यांनी फ्रेंच परीकथांचा इटालियन अनुवाद केला, मग शाळकरी मुलांसाठी काही पुस्तकं लिहिली. १८८१ मध्ये रोममध्ये मुलांचं एक नवं साप्ताहिक निघालं. कोल्लोदींनी त्याला एका बाहुल्याच्या गोष्टीची सुरुवात पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की हा पोरखेळ पाठवतोय, याचं हवं ते करा, पण छापलात तर पैसे चांगले द्या, म्हणजे पुढं लिहायची इच्छा होईल.

त्या पोरखेळाची सुरुवात अशी आहे. एक आटपाट नगर होतं... एक राजा होता, असं माझे छोटे वाचक लगेच म्हणतील. नाही मुलांनो, चुकलात. एक लाकडाचा ओंडका होता. पहिल्या चार ओळींतच राजा गेला आणि त्याच्या जागी थंडीत चुलीत घालायचं जळण आलं. पुस्तकाच्या छत्तीस प्रकरणांची जातकुळी तिथंच कळते.

मूळ गोष्टीत पिनोकिओ मरतो, हे खरं आहे का?

हो, पहिल्यांदा लिहिली तेव्हा गोष्ट तिथंच संपली होती. ऑक्टोबर १८८१ मध्ये छापून आलेल्या पंधराव्या प्रकरणात कोल्हा आणि मांजर हे दोन ठग वेश पालटून त्याला रात्री गाठतात. त्यानं चार सोन्याच्या मोहरा जिभेखाली दडवलेल्या असतात. तो तोंड उघडत नाही, सुऱ्यांनी भोसकलं तरी लाकूड दाद देत नाही, म्हणून ते त्याला ओकच्या मोठ्या झाडाला फास लावून टांगतात आणि उद्या येतो सांगून निघून जातात. सोसाट्याचा वारा सुटलेला असतो. सणाच्या घंटेच्या लोळीसारखा तो बाहुला इकडून तिकडे आदळत राहतो. बाबा, तुम्ही इथं असता तर, एवढं त्याच्या तोंडून निघतं आणि तो ताठ होतो. समाप्त.

छोट्या वाचकांना हे मुळीच मानवलं नाही. मागणी आली, संपादकांनीही लकडा लावला आणि फेब्रुवारी १८८२ पासून गोष्ट पुन्हा सुरू झाली. ती जानेवारी १८८३ पर्यंत चालली आणि त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये पुस्तक निघालं. नीळसर केसांच्या मुलीनं फासावरून सोडवलं, असं दाखवून कोल्लोदींनी पिनोकिओला परत आणलं. ही मुलगी त्याआधी एकदा खिडकीत येऊन गेलेली असते. या घरात सगळे मेलेत, मीही मेलेय, तिरडीची वाट पाहतेय, असं ती ओठ न हलवता सांगते. पुढं हीच मुलगी परी होते, मग मोठी बाई होते, पिनोकिओची आई होते. हा सांधा सगळ्याच रूपांतरकारांना अवघड गेला आहे आणि बहुतेकांनी तो गाळूनच टाकला आहे.

नाक खोटं बोलल्यावरच वाढतं ना?

नाही, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. नाक पहिल्यांदा वाढतं ते तिसऱ्या प्रकरणात, बाहुला घडवणारा म्हातारा जेपेत्तो ते कोरत असताना. तो छाटतो तसं ते लांबतं. तेव्हा पिनोकिओ एक शब्दही खोटं बोललेला नसतो. दुसऱ्यांदा वाढतं ते भुकेल्या पोटी फसगत झाल्यावर. खोट्यामुळं ते वाढतं सतराव्या प्रकरणात. मोहरा कुठं आहेत, या परीच्या प्रश्नाला तो एकामागून एक तीन थापा मारतो, नाक इतकं लांबतं की खोलीत वळताही येत नाही आणि शेवटी परी हजारभर सुतारपक्षी बोलावून ते टोचून टोचून पूर्ववत करून घेते. पुढं एकदा तो एका म्हाताऱ्याशी स्वतःबद्दल खोटं बोलतो तेव्हाही ते वाढतं. बाकी पुस्तकभर पिनोकिओ खुशाल थापा मारतो आणि नाक जागच्या जागी राहतं.

तरी जगानं नेमकं नाकच उचललं. वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रकाराला कुठल्याही पुढाऱ्याला खोटारडा ठरवायचं असेल तर नाक लांब काढलं की झालं, चार शब्द लिहायची गरज नाही. चित्र म्हणून ते बिनतोड आहे. पण गोष्टीचं बूड त्यात नाही.

मग गोष्ट नेमकी कशाबद्दल आहे?

माझ्या मते, भुकेबद्दल. खोटं बोलू नये हा धडा तिच्यात आहेच, शाळेत जावं हाही आहे. पण पानापानावर जे दिसतं ते रिकामं पोट.

जेपेत्तो बाहुला बनवतो तो मूल हवं म्हणून नाही. तो मित्राला सांगतो, नाचणारा, उड्या मारणारा बाहुला करीन, जगभर हिंडेन आणि भाकरतुकडा नि पेलाभर वाइन कमवीन. त्याच्या खोलीत एक मोडकी खुर्ची, एक खाट आणि एक टेबल. मागच्या भिंतीत पेटलेली चूल दिसते, पण ती रंगवलेली आहे. चुलीवर उकळणारं भांडं आणि वाफ, तेही रंगवलेलं. पाचव्या प्रकरणात पिनोकिओला आयुष्यातली पहिली भूक लागते. तो धावत त्या भांड्याकडं जातो, झाकण उचलायला हात घालतो आणि हाताला भिंत लागते. त्याचं नाक चार बोटं वाढतं ते इथं.

मग त्याला कचऱ्यात एक अंडं सापडतं. तळावं की उकडावं याचे मनोरथ रचून तो ते फोडतो, तर आतून पिल्लू निघतं, सभ्यपणे आभार मानतं आणि खिडकीतून उडून जातं. भर वादळात तो गावात भीक मागायला जातो, तर वरच्या खिडकीतून कुणीतरी त्याच्यावर पाणी ओततं. भिजलेले पाय शेगडीवर टेकवून तो झोपतो आणि सकाळी पायांची राख झालेली असते. जेपेत्तो परततो, तेव्हा त्याच्याजवळ तीन नाशपाती असतात, स्वतःच्या न्याहारीच्या. तो त्या पोराला देतो. पोरगं आधी सालं नको, गाभे नको म्हणून नखरे करतं. जेपेत्तो सालं आणि गाभे टेबलाच्या कडेला जपून ठेवतो, चिडत नाही. थोड्या वेळानं पिनोकिओ सालंही खातो आणि गाभेही. मुलांच्या वाङ्मयात खाण्यावरचं इतकं खरं प्रकरण मी दुसरं वाचलेलं नाही.

पुढंही हेच सूत्र चालू राहतं. एका रात्री तो कबुतरखान्यात हिरवा वाटाण्यासारखा चारा खातो, जो एरवी त्याला तोंडात धरवत नसे. परीच्या घरी दारात अडकून पडल्यावर गोगलगाय नाश्ता आणते, तर पाव चुन्याचा, कोंबडी पुठ्ठ्याची. कोल्हा आणि मांजर खाणावळीत त्याच्याच पैशांवर यथेच्छ ताव मारतात, तो मात्र अक्रोडाचा तुकडाही संपवत नाही, कारण मोहरा पेरल्या की झाड येतं, या त्या दोघांच्या थापेनं डोक्यात मोहरांचं झाड उगवलेलं असतं.

हे लिहिणारा स्वयंपाक्याचा मुलगा होता. काळही तसाच होता. इटली एक देश झाला १८६१ मध्ये, तेव्हा बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हतं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारा कायदा १८७७ चा, म्हणजे गोष्टीच्या जेमतेम चार वर्षं आधीचा. पोराला शाळेत घालायचं तर अंकलिपी हवी. ती घेण्यासाठी जेपेत्तो ऐन हिवाळ्यात अंगावरचा एकुलता एक कोट विकतो. का विकलात, असं पोरानं विचारल्यावर म्हणतो, उकडत होतं.

न्यायाचंही तेच. लुबाडला गेलेला पिनोकिओ फिर्याद घेऊन जातो. न्यायाधीश म्हातारा गोरिला आहे. तो सगळं कनवाळूपणे ऐकून घेतो आणि ज्याची चोरी झाली त्यालाच चार महिने तुरुंगात टाकतो. पुढं कैद्यांना माफी जाहीर होते तेव्हा पिनोकिओला सोडत नाहीत, कारण माफी गुन्हेगारांना आहे. मीही गुन्हेगारच आहे, असं सांगितल्यावर पहारेकरी टोपी काढून त्याला वाट करून देतो.

बोलका रातकिडा त्याचा दोस्त असतो ना?

डिस्नेच्या चित्रपटात. पुस्तकात तो जेपेत्तोच्या खोलीत शंभरहून जास्त वर्षं राहणारा रातकिडा आहे. चौथ्या प्रकरणात तो उपदेश करतो, पिनोकिओ चिडून लाकडी हातोडा फेकतो आणि रातकिडा भिंतीला चिकटून मरतो. नंतर तो भूत होऊन परततो आणि पुन्हा उपदेशच करतो. शेवटच्या प्रकरणात तो एका झोपडीचा मालक म्हणून भेटतो आणि बापलेकांना आसरा देतो.

देवमासा की शार्क?

पुस्तकात शार्कच्या जातीचा राक्षसी मासा आहे. शेपूट धरली नाही तरी किलोमीटरहून लांब. त्याला दमा आहे, म्हणून तो तोंड उघडं ठेवून झोपतो आणि बापलेकांना बाहेर पडायची वाट मिळते. देवमासा केला तो डिस्नेनं.

जेपेत्तो त्या पोटात दोन वर्षं काढतो, ती माशानं गिळलेल्या एका जहाजाच्या शिदोरीवर. डबाबंद मांस, बिस्किटं, वाइन, बेदाणे, चीज, कॉफी, साखर, मेणबत्त्या, काडेपेट्या. पिनोकिओ पोचतो तेव्हा शेवटची मेणबत्ती जळत असते.

डिस्नेच्या १९४० च्या चित्रपटानं काय बदललं?

जवळजवळ सगळं, आणि तरीही तो मोठा चित्रपट आहे. दोन्ही गोष्टी एकदम मान्य कराव्या लागतात.

सुरुवातीला स्टुडिओतला पिनोकिओ पुस्तकातल्यासारखाच खोडकर आणि लाकडासारखा कडक होता. वॉल्ट डिस्नेंना तो आवडेना. १९३८ मध्ये त्यांनी काम थांबवलं. मिल्ट काल या ॲनिमेटरनं मग तो नव्यानं काढला. आधी गोल गालांचा लहान मुलगा आणि त्याला लाकडाचे सांधे, असं ते रूप होतं. मुलगाच इतका निरागस झाला म्हटल्यावर चुका करणार कोण? म्हणून आजूबाजूची माणसं जास्त दुष्ट झाली आणि बाजूला पडलेला रातकिडा जिमिनी क्रिकेट या नावानं त्याची सदसद्विवेकबुद्धी होऊन खांद्यावर बसला. जेपेत्तोही बदलला. त्याच्याकडं कोरीव घड्याळांनी भरलेलं उबदार घर आहे, मांजर आहे, काचेच्या भांड्यात सोनेरी मासा आहे. तो ताऱ्याकडं पाहून मूल मागतो. भूक गेली, आणि तिच्यासोबत जेपेत्तोच्या कोटाची किंमतही गेली. मला या चित्रपटाबद्दल खरी खंत वाटते ती एवढीच.

बाकी चित्रकला पाहत राहावी अशी आहे. समुद्रातला पाठलाग पाहताना पाण्याला वजन आहे हे जाणवतं. आणि खोडकर मुलाचं गाढव होतं तो प्रसंग पुस्तकाच्या तोडीचा भयंकर आहे: भिंतीवरच्या सावलीत हातांचे खूर होतात, आई अशी हाक निम्म्यात तुटते आणि पुढं नुसतं रेकणं उरतं. चित्रपट ७ फेब्रुवारी १९४० ला न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. युरोपात युद्ध पेटलेलं असल्यानं तिथली चित्रपटगृहं हातची गेली आणि पहिल्या खेपेला तो तोट्यात गेला. ताऱ्याकडं पाहून इच्छा मागण्याच्या त्याच्या गाण्याला आणि पार्श्वसंगीताला मात्र ऑस्कर मिळाली.

खेळनगरी काय आहे? तिथं मुलं गाढवं का होतात?

खेळनगरीत शाळा नाही. त्या काळी इटलीत शाळांना गुरुवारी सुट्टी असे, म्हणून तिथल्या आठवड्यात सहा गुरुवार आणि एक रविवार असतो. पाच महिने खेळल्यावर मुलांना गाढवाचे कान फुटतात आणि त्यांना गोळा करून आणणारा गोडबोल्या गाडीवान त्यांना बाजारात विकतो. गाडी ओढणारं एक गाढव रडत असतं, ते आधी मुलगाच होतं. गाडीवान लाडानं जवळ जातो आणि त्याचा अर्धा कान चावून तोडतो.

शिकला नाहीस तर ओझं वाहशील, हे त्या काळच्या गरिबाच्या पोराला सांगायचं कोल्लोदींचं हे रूप आहे. पिनोकिओचा मित्र लुचिन्योलो शेवटच्या प्रकरणात पुन्हा भेटतो. एका शेतकऱ्याच्या गोठ्यात भुकेनं आणि कष्टानं मरायला टेकलेलं गाढव. दोघांची ओळख पटते आणि तो डोळे मिटतो. माझा शाळेतला मित्र होता, असं पिनोकिओ म्हणतो तेव्हा शेतकरी खो खो हसतो, तुझ्या शाळेत गाढवं होती का म्हणून. बहुतेक रूपांतरांत हा प्रसंग सापडत नाही. असायला हवा होता.

रशियातला बुरातिनो म्हणजे पिनोकिओच का?

तिथून निघालेला, पण स्वतंत्र. अलेक्सेइ तोल्स्तोय यांनी विसाच्या दशकात बर्लिनमध्ये असताना पिनोकिओच्या रशियन अनुवादावर काम केलं होतं. पुढं १९३६ मध्ये त्यांनी सोन्याच्या किल्लीची आपली गोष्ट लिहिली. बुरातिनोचं नाक लांबच असतं, खोट्यानं वाढत नाही. जेपेत्तोचा बाबा कार्लो होतो. दाढीवाला दुष्ट खेळवाला काराबास बाराबास येतो, निळ्या केसांची परी ही माल्विना नावाची बाहुली होते आणि सगळेजण एका किल्लीच्या मागे असतात.

मला या रूपाचं अपार कौतुक आहे, ते एका गोष्टीसाठी. कोल्लोदींची ती रंगवलेली चूल इथंही आहे, जुन्या कापडावर. भुकेला बुरातिनो तिच्यात नाक खुपसतो तर कापडाला भोक पडतं आणि मागं दार दिसतं. सोन्याची किल्ली त्याच दाराची. आत बाहुल्यांचं स्वतःचं रंगमंदिर असतं, जिथं त्यांना मारणारा मालक नसेल. मूळ गोष्टीत ज्या भिंतीवर हात आपटला होता, तिलाच तोल्स्तोयनी दार पाडलं. बुरातिनो शेवटी माणूस होत नाही, त्याला व्हायचंही नसतं. १९७५ मध्ये बेलारूसच्या स्टुडिओनं टीव्हीसाठी केलेला संगीतमय चित्रपट आजही रशियन बोलणाऱ्या घरांत पाठ असतो. सोव्हिएत काळात बुरातिनो नावाचं लेमोनेडही निघालं होतं.

खुद्द इटलीत कोणतं रूप जवळचं मानतात?

पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, लुइजी कोमेन्चिनी यांची १९७२ ची टीव्ही मालिका हेच उत्तर यायची शक्यता जास्त. तिच्यात नीनो मानफ्रेदी जेपेत्तो आहे, जीना लोलोब्रिजिदा परी आहे. कोमेन्चिनींनी एक धाडस केलं. बाहुला पहिल्याच भागात हाडामांसाचा मुलगा होतो आणि आगळीक केली की शिक्षा म्हणून पुन्हा लाकूड होतो. त्यामुळं पडद्यावर बहुतेक वेळ खरं पोर दिसतं, उघड्या पायांचं, थंडीत कुडकुडणारं, सतत काहीतरी खायला शोधणारं. भूक इथं शाबूत आहे.

रोबेर्तो बेनिन्यी यांनी २००२ मध्ये स्वतः पिनोकिओची भूमिका केली, तेव्हा ते पन्नाशीला आले होते. त्या काळातल्या सर्वांत खर्चिक इटालियन चित्रपटांपैकी तो एक. इटलीत चालला, अमेरिकेत इंग्रजी आवाजांसह पार कोसळला. मात्र याच बेनिन्यींनी मातेओ गार्रोने यांच्या २०१९ च्या चित्रपटात जेपेत्तो केला आणि तो अप्रतिम आहे. सुरुवातीलाच जेपेत्तो खाणावळीत जातो आणि तुमचं टेबल डगमगतंय, दार नीट लागत नाही, अशा खोड्या काढत काम मागतो. काम मिळालं तर जेवण मिळेल. भीक मागायची लाज वाटणारा कारागीर दोन मिनिटांत उभा राहतो. यातल्या प्राण्यांचे आणि बाहुल्याचे चेहरे मुख्यतः रंगभूषेनं केलेले आहेत आणि तिला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. पुस्तक जसं आहे तसं पडद्यावर पाहायचं असेल तर मी हाच सुचवते.

गिएर्मो देल तोरो यांचा चित्रपट मुलांसाठी आहे का?

लहान मुलांसाठी नाही. दहा-बारा वर्षांपुढच्यांनी मोठ्यांसोबत जरूर पाहावा. २०२२ चा हा चित्रपट खऱ्या बाहुल्या एकेका चौकटीला जराशा हलवून चित्रित केलेला आहे, मार्क गुस्टाफसन सहदिग्दर्शक. गोष्ट मुसोलिनीच्या इटलीत नेली आहे. जेपेत्तोचा मुलगा कार्लो पहिल्या महायुद्धात बॉम्ब पडून गेलाय आणि शोकानं, दारूच्या नशेत तो हा बाहुला कोरतो. खेळनगरीच्या जागी मुलांना सैनिक बनवणारी छावणी आहे. खरा मुलगा म्हणजे आज्ञाधारक मुलगा, असं सगळे पिनोकिओला सांगत असतात आणि तो ऐकत नाही. शेवटी तो लाकडाचाच राहतो आणि बापाला तो तसाच हवा असतो.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. फॅसिस्ट राजवटीत पिनोकिओला खरोखरच फॅसिस्टांचा काळा सदरा घालून मुलांच्या पुस्तकांत मिरवलं होतं. ज्या बाहुल्याला हुकूम मानता येत नाही त्यालाच हुकमाचा गडी केलं होतं, आणि देल तोरोंनी तो हिशेब चुकता केला. २०२३ मध्ये सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर या चित्रपटाला मिळालं.

२०२२ मध्येच डिस्नेनंही टॉम हँक्सना घेऊन आपल्या जुन्या चित्रपटाची नवी आवृत्ती काढली. १९४० चा उपलब्ध असताना तो पाहायचं कारण मला दिसत नाही.

यंत्रमानवांच्या चित्रपटांत पिनोकिओ कसा आला?

माणसानं घडवलेल्या आणि माणूस व्हायची ओढ असलेल्या वस्तूची गोष्ट म्हटली की हा साचा हाताशी असतोच. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या २००१ च्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या चित्रपटात तर तो उघडच आहे. डेव्हिड हा यंत्रमुलगा पिनोकिओ ऐकतो आणि निळ्या परीला शोधत निघतो. मूळ कल्पना स्टॅन्ली कुब्रिक यांनी अनेक वर्षं सांभाळली होती.

पहिली चित्रं कुणी काढली?

१८८३ च्या पुस्तकात एन्रिको मात्सांती यांची रेखाचित्रं आहेत: काटकुळा बाहुला, टोकदार टोपी, गळ्याभोवती चुणीदार पट्टी. १९०१ मध्ये कार्लो किओस्त्रींनी काळोखी, धूसर चित्रं काढली. आत्तीलिओ मुस्सीनोंची १९११ ची आवृत्ती रंगीत आणि भरगच्च आहे. मुलांना ती सर्वांत लवकर पकडते.

कोणत्या वयाला वाचून दाखवावी? भीती वाटणार नाही का?

सहा-सात वर्षांपासून, मोठ्यानं वाचून. गोष्ट साप्ताहिकासाठी लिहिलेली असल्यानं जवळजवळ प्रत्येक प्रकरण ऐन मोक्याला तुटतं. रोज रात्री एक घेतलं तर महिनाभराहून थोडं जास्त पुरतं. संक्षिप्त आवृत्त्या शक्यतो टाळाव्यात, त्या नाशपातीची सालं गाळतात आणि उपदेश तेवढा ठेवतात.

फाशीचा प्रसंग लहान मुलांना जड जाऊ शकतो. तो गाळण्यापेक्षा पंधरावं आणि सोळावं प्रकरण एकाच बैठकीत वाचावं. सोळाव्यात कावळा, घुबड आणि रातकिडा असे तीन वैद्य येतात. कावळ्याच्या मते तो मेलेला आहे, पण मेला नसेल तर ती जिवंत असल्याची खूण. घुबडाच्या मते बरोबर उलट. मुलं हसून हसून लोळतात आणि भीती ओसरते.

शाळेत नाटक बसवायचं आहे. परवानगी लागते का?

कोल्लोदींच्या मूळ गोष्टीसाठी नाही. ते १८९० मध्ये वारले आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. पण तुम्ही ज्या अनुवादावरून संवाद घेणार, त्याच्या अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. स्वतः गोष्टीवरून संवाद लिहिले तर प्रश्न येत नाही. डिस्नेची गाणी, जिमिनी क्रिकेट हे नाव आणि त्याचं रूप, लाल चड्डी नि पिवळी टोपी घातलेला त्यांचा बाहुला, देल तोरोंची पात्रं, यांतलं काहीही परवानगीशिवाय वापरू नये.

वेशभूषा तर पुस्तकातच दिलेली आहे आणि ती फुकटात होते. जेपेत्तोकडं पैसे नसतात, म्हणून तो पोराला फुलाफुलांच्या कागदाचा पोशाख करतो, झाडाच्या सालीचे बूट आणि पावाच्या लगद्याची टोपी. पिनोकिओ पाणी भरलेल्या परातीत स्वतःला न्याहाळतो आणि म्हणतो, अगदी साहेब दिसतोय मी. कागदाचा पोशाख तालमींत फाटतो, तेव्हा दोन-तीन जास्तीचे करून ठेवावेत. आणि रंगमंचाच्या मागच्या पडद्यावर चूल रंगवायला विसरू नये.